चूक होणार, हे धरूनच

संगणकाच्या पडद्यावर बाण उमटतात. मधला बाण डावीकडे वळलेला असेल तर डावं बटण दाबायचं, उजवीकडे असेल तर उजवं. खेळणाऱ्याच्या डोक्यावर तारा जोडलेली घट्ट टोपी असते. खेळ अगदी सोपा, पण वेग वाढला की बोट कधी ना कधी भलत्याच बटणावर पडतं. ते पडल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मेंदूत विजेची एक लाट उठते, 'अरे, चुकलं' हा विचार मनात यायच्याही आधी. काही प्रयोगांत तर माणसाला आपण चुकल्याचं कळलंच नाही, तरी लाट उठलेली दिसली. १९९० च्या सुमारास जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे टिपली.

मेंदूला चुकीची एवढी घाई कशाला? शिकायला. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. मेंदूतल्या काही पेशी बक्षीस मिळालं म्हणून नव्हे, तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत फरक पडला म्हणून जोरात बोलू लागतात. अपेक्षेप्रमाणे सगळं घडलं की त्या शांत असतात, कारण तिथे नवं शिकण्यासारखं काही उरलेलं नसतं. लहान मेंदूतही हालचालीतली चूक कळवणारे खास तंतू आहेत. सायकल, पोहणं, टाके घालणं, शीर शोधून सुई टोचणं हे सगळं आपण चुकांच्या बातम्यांवरच शिकतो.

पण काही जणांत ही लाट नेहमीच मोठी असते. सतत चिंता करणाऱ्यांत आणि मंत्रचळ असलेल्यांत ती सरासरीपेक्षा मोठी आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चूक त्यांना बातमीसारखी लागत नाही, धक्क्यासारखी लागते. आता अशी कल्पना करा, की एका देशाने लाखो मुलांमधून कमीत कमी चुकणारी मुलं वेचून काढली, प्रत्येक चुकीला दंड लावून काढली, आणि त्यातली शंभर-दीडशे एका वर्गात नेऊन बसवली. ही कल्पना करायची गरजच नाही, कारण आपल्या एमबीबीएसचं पहिलं वर्ष नेमकं असंच भरतं.

एमबीबीएसच्या प्रवेशपरीक्षेचं, म्हणजे नीटचं गणित पाहा. २०२४ साली १८० प्रश्न सोडवायचे होते आणि त्यांना ७२० गुण होते. बरोबर उत्तराला चार मिळायचे आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जायचा. म्हणजे येत असलेलं एक उत्तर चुकलं की पाच गुणांचा फरक. त्या वर्षी २३ लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखभराच्या थोड्या वर. जूनमधल्या पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सुधारित निकालात ती संख्या १७ वर आली. मुद्दा त्या वादाचा नाही. ज्या परीक्षेत एकही चूक न करणारी मुलं निघतात, तिथे एक चूक करणाऱ्या मुलाला आपण कमी पडलो असं वाटतं, ही मला जास्त काळजीची गोष्ट वाटते.

अशी मुलं कुठल्या घरांतून येतात, ते पाहू. बोईसर आणि डहाणू रोड यांच्यामधलं स्टेशन वाणगाव. आजूबाजूला मिरचीचे मळे. या पट्ट्यात कुणाचे बाबा तारापूर एमआयडीसीत पाळीवर जातात, कुणाच्या घरी शेती, तर कुणाच्या घरी डायमेकिंगचं, म्हणजे दागिन्यांचे साचे कोरण्याचं काम. अशा घरातलं मूल एमबीबीएसला लागतं तेव्हा ते बहुतेकदा त्या घरातलं, कधी त्या पाड्यातलं पहिलंच असतं. नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. नातेवाईक 'आमचे डॉक्टर' म्हणून ओळख करून द्यायला लागतात, अजून एकही हाड हातात घेतलेलं नसताना. त्यात प्रेम असतं, खराखुरा अभिमान असतो. त्याच दिवसापासून मुलाला मात्र एक गोष्ट मनातल्या मनात पक्की कळते, की आता नापास व्हायची सोय राहिली नाही.

कॉलेजात गेल्यावर पहिला धक्का अभ्यासाचा नसतो, तो अंकगणिताचा असतो. वर्गातला प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला असतो आणि त्यातले निम्मे वर्गाच्या खालच्या अर्ध्यात जाणारच. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की तेवढ्याच कुवतीचा विद्यार्थी हुशार मुलांच्या वर्गात बसवला की स्वतःला कमी लेखू लागतो. बुद्धी तीच असते, फक्त शेजारी बदललेले असतात.

दुसरा धक्का स्पॉटिंगचा. शरीररचनाशास्त्राची ही परीक्षा ज्यांनी दिली आहे त्यांना फॉर्मॅलिनचा वास आत्ताही आठवेल. टेबलांवर ओळीने नमुने मांडलेले असतात. एका नसेला दोरा बांधलेला, एका स्नायूत टाचणीचा झेंडा, एका हाडावर खडूची खूण. प्रत्येकासमोर ठरलेला वेळ उभं राहायचं, नाव लिहायचं, विचारलेलं एखादं वैशिष्ट्य लिहायचं. घंटा झाली की पुढच्या टेबलाकडे. मागे जायचं नाही.

आता दोन विद्यार्थी घ्या, दोघांची तयारी सारखीच. तिसऱ्या टेबलावर दोघंही अडखळतात. पहिला जमेल ते लिहून पुढे सरकतो. दुसरा शरीराने चौथ्या टेबलासमोर आलेला असतो, पण डोळ्यांसमोर अजून तिसरीच नस असते. अल्नर होती की मीडियन? 'हे तर यायलाच हवं होतं.' घंटा. पाचवं टेबल. चुकीनंतर माणूस आपोआप मंदावतो, हे पॅट्रिक रॅबिट या ब्रिटिश संशोधकाने १९६६ मध्येच मोजून दाखवलं होतं. एरवी हे मंदावणं उपयोगाचं आहे, ते सावध करतं. पण ज्याला चूक म्हणजे स्वतःवरचा निकाल वाटतो, त्याचं मंदावणं पुढच्या सहा टेबलांना खातं. मग गुण कमी पडतात आणि तो निष्कर्ष काढतो, की मी अजून कडक व्हायला हवं.

इथे थांबून एक अन्याय टाळायला हवा. नेटकेपणा हा दोष नाही. याच चिंचणी-वाणगाव पट्ट्यात कारागीर पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरतात. त्या साच्यात पातळ पत्रा दाबला की नक्षी सुलटी उमटते. रेघ केसभर सरकली तर ती त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक दागिन्यात सरकलेली दिसणार. तिथे 'चालतंय की' म्हणून भागत नाही. ऑपरेशन करणाऱ्या हातांकडून आपलीही हीच अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. संशोधकही आता परिपूर्णतेच्या ध्यासात दोन धागे वेगळे काढतात. एक, उंच ध्येय ठेवून झटणं. दुसरा, चुकीची धास्ती आणि 'लोक काय म्हणतील' याचा धाक. नैराश्य आणि चिंता यांच्याशी जास्त घट्ट बांधलेला आहे तो दुसरा.

कॅनडातले पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये यात आणखी एक फोड केली. काही जण स्वतःकडून परिपूर्णता मागतात, काही जण दुसऱ्यांकडून, आणि काहींना वाटतं की जग ती आपल्याकडून मागतं आहे. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र करून तपासली. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले. सर्वांत जास्त, सुमारे ३३ टक्क्यांनी, वाढला होता तिसरा. ही मुलं आपल्याकडची नव्हेत. पण नाक्यावरच्या फ्लेक्सखाली उभं राहिलेल्या मुलाला तिसरा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

या धास्तीचा सर्वांत चकित करणारा परिणाम म्हणजे ती अभ्यासच बिघडवते. परिपूर्णतावादी विद्यार्थी ओळखायचा कसा? चौरसियाच्या शरीररचनेच्या पुस्तकाचं पान चार रंगांनी रंगवलेलं असतं, नोट्स छापल्यासारख्या, प्रकरण पाचव्यांदा वाचून चाललेलं. सराव परीक्षा मात्र 'अजून नीट झालं नाही' म्हणून पुढे ढकललेली. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारल्यावर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के होतं, वाचणाऱ्यांच्या ४२. आठवताना अडखळायला होतं, चुकायला होतं, आणि स्मृती तिथेच पक्की होते. चुकायचं नाही म्हणून जो स्वतःची परीक्षाच घेत नाही, तो शिकण्याचा सर्वांत चांगला रस्ता स्वतःच बंद करून बसतो.

पुढच्या वर्षांत हेच वॉर्डात दिसतं. राउंडला सर प्रश्न विचारतात, उत्तर अर्धं येत असतं, आणि विद्यार्थी गप्प राहतो. शंका असली तरी विचारत नाही, कारण विचारलं तर 'एवढंही येत नाही?' असं होईल. आपण चुकून इथवर पोचलो आहोत आणि एक दिवस पकडले जाणार, या भावनेचं वर्णन पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये केलं. वैद्यकीय विद्यार्थ्यांत परिपूर्णतेचा ध्यास, ही पकडलं जाण्याची भीती आणि मानसिक त्रास एकत्र नांदतात, असं अमेरिकेत १९९८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात आढळलं.

आपल्याकडचे आकडेही आता समोर आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. ऑनलाइन सर्वेक्षणात पदवीच्या २५,५९० आणि पदव्युत्तरच्या ५,३३७ विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने उत्तरं दिली. पदवीच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी मानसिक आजार असल्याचं नोंदवलं, १६.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगितलं. पदव्युत्तरमध्ये असे विचार सांगणारे ३१ टक्क्यांच्या वर होते. याला कारण एकटा परिपूर्णतेचा ध्यास नाही. लांबलचक ड्युट्या आहेत, फी आहे, रॅगिंग आहे, जातीवरून होणारा छळ आहे, आणि ते सगळं मुलांच्या 'स्वभावा'वर ढकलणं हा दुसरा अन्याय ठरेल. पण मदत मागायच्या वेळी ओठ शिवून टाकण्याचं काम ही धास्ती करते.

आणि आता मला ज्या गोष्टीचं सर्वांत जास्त नवल वाटतं ती. वाणगावपासून काही किलोमीटरवर, तारापूरला, १९६९ पासून अणुवीज केंद्र चालू आहे. भारतातलं हे पहिलं. तिथल्या ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. त्या झटकन बंद करण्यासाठी एकमेकींपासून स्वतंत्र अशा दोन यंत्रणा आहेत. एकीत दांडे खाली पडतात आणि साखळी-अभिक्रिया थांबवतात, दुसरीत न्यूट्रॉन शोषून घेणारं द्रावण आत सोडलं जातं. धोका मोजायला एकाऐवजी तीन वाहिन्या ठेवलेल्या असतात आणि तिघींतल्या दोघींनी 'धोका' म्हटलं की भट्टी बंद होते. एकीला विचारून का भागत नाही? कारण ती बिघडू शकते. दोन यंत्रणा का? कारण एक अडकू शकते. मुलूख हादरवू शकेल अशी ती वस्तू 'कुणीच चुकणार नाही' या भरवशावर उभी नाही. माणूस चुकेल, यंत्र खोटं सांगेल, झडप अडकेल, हे गृहीत धरून तिची आखणी झाली आहे.

मग त्याच पट्ट्यातला एक एकोणीस वर्षांचा मुलगा एकट्याच्या डोक्यात, कुठलीही दुसरी यंत्रणा न ठेवता, शून्य चुकांची अणुभट्टी का चालवतो आहे?

कारण वैद्यकशास्त्रही हे उशिरा शिकलं. ते शिकवणाऱ्यांत एक नाव आपल्या मातीशी जोडलेलं आहे. शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. मुलगा अमेरिकेत वाढला, सर्जन झाला, आणि शिकाऊ असताना झालेल्या स्वतःच्या चुकीवर त्याने उघडपणे लिहिलं. मोटार अपघातातल्या एका स्त्रीची श्वासनलिका उघडायचा प्रयत्न फसत गेला आणि वरिष्ठांना बोलवायला त्याने उशीर केला. दुसऱ्या डॉक्टरने नळी घातली, रुग्ण वाचली. नंतर विभागाच्या बैठकीत सर्वांसमोर त्या प्रसंगाची चिरफाड झाली. अमेरिकेतल्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत अशा बैठका नेमाने होतात. तिथे विचारतात, काय घडलं आणि पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. मदत मागायला झालेला उशीर हीच गवांदे यांची मोठी चूक होती, यावर विद्यार्थ्यांनी जरूर विचार करावा.

पुढे याच गवांदे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची तपासणी यादी तयार झाली. त्यात फक्त १९ बाबी आहेत. रुग्ण तोच आहे ना? बाजू बरोबर आहे ना? कापसाचे बोळे मोजले का? आणि सुरी लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. नाव सांगून काय साधतं? जिने आपलं नाव सांगितलं आहे ती नर्स पुढे गडबड दिसली तर तोंड उघडते, 'सर, एक मिनिट' म्हणते. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष आले. मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर आणि मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर उतरले होते. सर्जन तेच, हात तेच. फक्त कुणीतरी मान्य केलं होतं, की हे हात विसरू शकतात.

आपल्याकडेही हा विचार पोचलेला आहे. बाळंतपणात आई दगावली तर त्या मृत्यूची चौकशी करायची पद्धत देशात २०१० पासून आहे, आणि तिचं सूत्र आहे नाव घ्यायचं नाही, दोष द्यायचा नाही, घडलं काय ते शोधायचं. २०१९ पासून आलेल्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळाही आहेत, जिथे सलाइन लावायचा पहिला चुकीचा प्रयत्न रबरी हातावर करता येतो. दिशा बरोबर आहे. व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या टेबलापलीकडून होणारा अपमान मात्र अजून अनेक ठिकाणी 'आम्हीही असेच शिकलो' म्हणून चालवून घेतला जातो. ही परंपरा मोडायलाच हवी.

धास्ती मनात मुरलेली असेल तर तिच्यावरही उपचार आहेत. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस आपल्या रुग्णांना एक विलक्षण गृहपाठ देत. आगगाडीत बसा आणि पुढचं स्टेशन आलं की त्याचं नाव मोठ्याने ओरडा. लोक बघतील, हसतील, आणि मग पुन्हा आपापल्या फोनमध्ये किंवा वर्तमानपत्रात जातील. चारचौघांत विचित्र दिसूनही आपलं काही बिघडत नाही, हे मेंदूला वाचून पटत नाही, असं करूनच पटतं. हे एलिस मराठी वाचकांपर्यंत पोचवले कि. मो. फडके यांनी. त्यांचा एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. आजचे मानसोपचारतज्ज्ञही परिपूर्णतेच्या त्रासावर असेच छोटे प्रयोग करायला लावतात. एक सबमिशन दुसऱ्यांदा न तपासता द्या. राउंडला एक अर्धवट उत्तर बोलून दाखवा. काय होतं ते पाहा, लिहून ठेवा. ज्या आपत्तीची भीती होती, ती बहुतेकदा आलेलीच नसते. डहाणू लोकलमध्ये 'वाणगाव!' असं ओरडायची हिंमत ज्याला होईल, त्याला व्हायव्हात 'सर, हे मला माहीत नाही, बघून सांगतो' असं म्हणणं जड जाणार नाही. रुग्णासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरच्या तोंडचं हे फार मोलाचं वाक्य आहे.

घरच्यांना एक विनंती. हॉस्टेलवरून फोन आला की 'किती मार्क पडले?' याच्या आधी 'या आठवड्यात काय चुकलं, कुणाला विचारलंस?' असं विचारा, आणि उत्तर येईल ते शांतपणे ऐकून घ्या. फ्लेक्स उतरवायची गरज नाही, पण नापास झालेलं पोरही आपलंच आहे हे त्याला शब्दांत ऐकवा, गृहीत धरू नका. शिकवणाऱ्यांना विनंती ही, की वर्षातून एकदा तरी वर्गात उभं राहून स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगा. आणि रात्री दोन वाजता चौथ्यांदा तेच पान उघडून बसलेल्या विद्यार्थ्याला विनंती आहे, की जगणं नको वाटू लागलं तर मदत मागायला थांबू नको, फोन करणं उद्यावर टाकू नको. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.